सामायिक विदागार (मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस)

सामायिक विदागार म्हणजे नेटवर्कवरील एका संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली आणि कार्यालयातील अनेक संगणकांवरून एकाच वेळी वापरली जाणारी विदागाराची (डेटाबेसची) फाइल होय. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या आज्ञावलीत तयार केलेली विदागारे लहान कार्यालयांत बहुधा अशाच रीतीने वापरली जातात. सभासदांची नोंदवही, पावत्या, मालाचा साठा, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची यादी असा दैनंदिन कामकाजाचा ऐवज त्यांत असतो. स्वतंत्र सर्व्हर, त्यासाठीचा तंत्रज्ञ किंवा मोठा खर्च यांची गरज नसल्याने ही पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ झाली व आजही टिकून आहे.

वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेले असे विदागार कार्यालयातील संगणक बदलताच उघडेनासे होते, एका वेळी एकाच व्यक्तीसाठी उघडते किंवा उघडूनही चुकीची माहिती दाखवते. विदागाराच्या फाइलला कोणी हात लावलेला नसल्याने दोष कोठे आहे हे चटकन ध्यानात येत नाही. याचे मूळ या पद्धतीच्या रचनेत आहे. येथे विदागार चालवणारी यंत्रणा फाइलपाशी नसून प्रत्येक वापरकर्त्याच्या संगणकात असते. त्यामुळे संगणक बदलणे म्हणजे विदागाराचा एक भागच बदलणे होय.

रचना

मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांसारख्या प्रणालींत सर्व नोंदी एका सर्व्हरच्या ताब्यात असतात. वापरकर्त्याचा संगणक त्या सर्व्हरकडे मागणी करतो आणि उत्तर घेतो. फाइलला तो स्वतः कधीच स्पर्श करत नाही. जुन्या कचेरीतील दफ्तरदाराशी याची तुलना करता येईल. नोंदवही त्याच्याच हाती, बाकीच्यांनी खिडकीतून विचारायचे. ॲक्सेसच्या सामायिक विदागारात दफ्तरदार नसतो. नोंदवही एका कपाटात असते आणि प्रत्येक कारकून स्वतः कपाट उघडून त्यात वाचतो व लिहितो. फाइल ज्या संगणकावर आहे तो केवळ कपाटाचे काम करतो. त्यावर ॲक्सेस बसवलेले असण्याचीही आवश्यकता नसते.

हे वाचन-लेखन करणाऱ्या अंतर्गत यंत्रणेस विदागार-इंजिन म्हणतात. ॲक्सेसची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आली तेव्हापासून हे इंजिन 'जेट' या नावाने ओळखले जात असे. ॲक्सेस २००० सोबत जेट ४.० आले. ॲक्सेस २००७ पासून त्याची जागा 'एस' या इंजिनाने घेतली आणि .एमडीबी या जुन्या फाइल-प्रकाराबरोबर .एसीसीडीबी हा नवा प्रकार रूढ झाला. ॲक्सेस २००० पासून फाइलची कमाल मर्यादा २ गिगाबाइट आहे, तर एका वेळच्या वापरकर्त्यांची मर्यादा २५५ सांगितली जाते. ही दुसरी मर्यादा कागदावरची मानावी; प्रत्यक्षात नेटवर्कचा वेग आणि नोंदींची वर्दळ पाहता त्याच्या कितीतरी आधी अडचणी सुरू होतात.

इंजिन फाइलमधील माहिती पानांच्या रूपात उचलते. जेट ४.० पासून एक पान ४ किलोबाइटचे असते. एखादी नोंद बदलताना संबंधित पाने नेटवर्कवरून वापरकर्त्याच्या संगणकात येतात, तेथे बदलली जातात आणि परत लिहिली जातात. या लेखनाच्या मध्येच जोडणी तुटली, तर अर्धवट लिहिलेले पान तसेच राहून संपूर्ण फाइल सदोष ठरू शकते. तारेने जोडलेल्या नेटवर्कवर ठाकठीक चाललेले विदागार नव्या लॅपटॉपवरून वाय-फायद्वारे वापरू लागताच वारंवार बिघडते, ते यामुळेच.

लॉक-फाइल

अनेक कारकून एकच वही हाताळणार, तर कोण कोणत्या पानावर लिहीत आहे हे इतरांना कळले पाहिजे. त्यासाठी विदागार प्रथम उघडणाऱ्याच्या संगणकातील इंजिन त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाची एक छोटी लॉक-फाइल निर्माण करते. .एमडीबी विदागारासाठी ती .एलडीबी व .एसीसीडीबीसाठी .एलएसीसीडीबी अशी असते. प्रत्येक वापरकर्त्यामागे तीत ६४ बाइट खर्च होतात. त्यांपैकी ३२ संगणकाच्या नावासाठी व ३२ वापरकर्त्याच्या नावासाठी असतात. शेवटची व्यक्ती विदागार बंद करते तेव्हा ही फाइल पुसली जाते.

नित्य वापरात कोणाच्या डोळ्यांत न भरणारी ही फाइल संगणकबदलानंतरच्या निदानात सर्वांत उपयोगी पडते. सगळ्यांनी विदागार बंद केल्यावरही ती फोल्डरमध्ये दिसत असेल, तर एक तर कोणीतरी अद्याप आत आहे, एखादा संगणक मध्येच बंद पडला आहे किंवा शेवटच्या वापरकर्त्यास ती पुसण्याची परवानगी नाही. उलट, विदागार उघडे असूनही लॉक-फाइल दिसत नसेल, तर ते केवळ वाचनासाठी किंवा एकाच व्यक्तीसाठी उघडले गेले आहे. फाइलमधील मजकुरावरून संगणकांची नावे वाचता येतात. मात्र बाहेर पडलेल्या व्यक्तीचे नाव तीतून लगेच नाहीसे होत नसल्याने त्या यादीतील प्रत्येक जण त्या क्षणी आत असतोच असे नाही.

संगणकबदलानंतरच्या अडचणी

फाइलपर्यंत पोहोचता न येणे

विंडोजमधील फोल्डर एसएमबी या नियमसंचाद्वारे सामायिक केले जातात. विंडोज एक्सपीस त्याची केवळ पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टापासून मिळू लागली. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेत जगभर पसरला. विंडोज १० ची १७०९ ही आवृत्ती नव्याने बसवल्यास एसएमबीची पहिली आवृत्ती तीत मुळातच नसते. कोपऱ्यातील जुना एक्सपी संगणक किंवा जुनी नेटवर्क-हार्डडिस्क 'सर्व्हर' म्हणून कायम ठेवून बाकीचे संगणक बदलले, की नव्या संगणकांना तो जुना सोबती दिसेनासा होतो. पहिली आवृत्ती हाताने पुन्हा सुरू करता येते आणि तात्पुरते काम भागतेही. परंतु ज्या दारातून विषाणू शिरला तेच दार उघडण्याचा हा प्रकार असल्याने फाइल नव्या संगणकावर हलवणे हाच खरा उपाय ठरतो.

दुसरी अडचण ओळखीची असते. लहान कार्यालयांत पूर्वी परवलीच्या शब्दाविना, 'पाहुणा' म्हणून सामायिक फोल्डर उघडण्याची पद्धत सर्रास होती. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांनी ती टप्प्याटप्प्याने बंद केली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो संस्करणातही पाहुण्याचा असा प्रवेश आपोआप मिळत नाही. नव्या संगणकांत लोक ईमेल-पत्त्यावर आधारित खात्याने व चार अंकी पिनने प्रवेश करतात. पण फाइल ठेवणाऱ्या संगणकास ते खाते ठाऊक नसते आणि पिन नेटवर्कवर चालत नाही. त्यामुळे परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात आहे असे वापरकर्त्यास वाटते. फाइल ठेवणाऱ्या संगणकावर प्रत्येकासाठी साधे स्थानिक खाते उघडून त्याचे नाव व परवलीचा शब्द नव्या संगणकात एकदा साठवून ठेवल्यास हा प्रश्न सुटतो. नव्या संगणकाने कार्यालयाचे नेटवर्क 'सार्वजनिक' मानले असेल, तर तेही तपासून 'खासगी' करावे लागते. होमग्रुप ही सुविधा वापरणाऱ्या कार्यालयांची विशेष पंचाईत झाली, कारण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत ती काढूनच टाकण्यात आली.

पोहोचता येते, पण भलत्याच ठिकाणी, असेही घडते. बहुतेक सामायिक विदागारे दोन भागांत विभागलेली असतात. नोंदींचे तक्ते सामायिक फोल्डरमधील मागच्या भागात, तर फॉर्म व अहवाल प्रत्येकाच्या संगणकावरील पुढच्या भागात असतात. पुढच्या भागात तक्त्यांचा पूर्ण पत्ता नोंदवलेला असतो. नव्या संगणकास पूर्वीचे ड्राइव्ह-अक्षर दिले नाही किंवा फाइल ठेवणाऱ्या संगणकाचे नाव बदलले, की मार्ग वैध नसल्याचा ३०४४ क्रमांकाचा दोष दिसतो. जोडलेल्या तक्त्यांच्या व्यवस्थापकातून नवा पत्ता दिला की काम होते. पत्त्यात ड्राइव्ह-अक्षराऐवजी संगणक व फोल्डर यांची नावे दिल्यास पुढच्या बदलाच्या वेळी एक कटकट कमी होते.

एकालाच प्रवेश मिळणे

पहिला माणूस विदागार उघडतो. दुसऱ्यास ते आधीच कोणीतरी केवळ स्वतःसाठी उघडले असल्याचा, म्हणजे ३०४५ किंवा ३०५१ क्रमांकाचा संदेश मिळतो. येथे पहिल्या माणसाने काही चूक केलेली असते असे नाही. त्याला फाइलवर लिहिण्याची परवानगी आहे, पण फोल्डरमध्ये नवी फाइल निर्माण करण्याची नाही, एवढेच कारण पुरते. लॉक-फाइल तयार करता न आल्याने इंजिन विदागार त्या एकट्यासाठी उघडते. यातील गोम अशी की, सकाळी पुरेशी परवानगी असलेली व्यक्ती आधी आली तर दिवसभर सगळे सुरळीत चालते आणि दुसरी व्यक्ती आधी आली तर सर्वांचे काम अडते. 'कधी चालते, कधी चालत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हा हजेरीचा क्रम असतो.

विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात. एक सामायिकीकरणाची व दुसरी फोल्डरची. नेटवर्कवरून येणाऱ्यास या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. एक सैल करून दुसरी तशीच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक वापरकर्त्यास त्या फोल्डरवर वाचणे, लिहिणे, निर्माण करणे व पुसणे असे चारही अधिकार लागतात. केवळ विदागाराच्या फाइलवर ते देऊन भागत नाही.

३२ व ६४ बिट

जेट ४.० हे इंजिन केवळ ३२ बिटचे आहे. त्याची ६४ बिट आवृत्ती कधीच निघाली नाही. ते आजही विंडोजसोबत येते, परंतु ६४ बिटच्या कोणत्याही आज्ञावलीस ते वापरता येत नाही. ऑफिस २०१० हे ६४ बिटमध्ये मिळणारे पहिले ऑफिस होते आणि ऑफिस २०१९ पासून बसवताना मुळातच ६४ बिट निवडले जाऊ लागले. त्यामुळे पूर्वी न विचारता ३२ बिट मिळत असे, तेथे आता न विचारता ६४ बिट मिळते. जुना हिशेबी कार्यक्रम ३२ बिटचा आणि नवे ऑफिस ६४ बिटचे अशी जोडी जमली, की पुरवठादार-घटक नोंदवलेला नसल्याचा किंवा ड्रायव्हर व आज्ञावली यांची रचना जुळत नसल्याचा संदेश येतो.

विदागाराच्या फाइलला स्वतःला बिटसंख्या नसते. एकच .एसीसीडीबी फाइल एका संगणकावरील ३२ बिट व दुसऱ्यावरील ६४ बिट ॲक्सेस एकाच वेळी वापरू शकते. अडते ते पुढच्या भागातील आज्ञासंचापाशी. विंडोजची अंतर्गत कार्ये थेट हाकारणाऱ्या जुन्या आज्ञांमध्ये ६४ बिटसाठी बदल करावा लागतो. संकलित करून कुलूपबंद केलेला, म्हणजे .एसीसीडीई प्रकारचा पुढचा भाग तर ज्या बिटसंख्येत तयार झाला त्याच बिटसंख्येत उघडतो. मूळ फाइल जपून ठेवलेली नसेल आणि ती तयार करणारा माणूस कार्यालय सोडून गेलेला असेल, तर ३२ बिट ऑफिस बसवणे एवढाच मार्ग उरतो. तो कमीपणाचा मानण्याचे कारण नाही.

ओडीबीसी जोडण्या तपासताना होणारी एक दिशाभूल येथे नोंदवण्याजोगी आहे. ६४ बिट विंडोजमध्ये ओडीबीसीचे व्यवस्थापन-साधन दोन प्रतींत असते आणि दोन्ही फायलींचे नाव एकच आहे. ६४ बिटची प्रत 'सिस्टिम३२' या फोल्डरमध्ये, तर ३२ बिटची 'सिसवॉव६४' या फोल्डरमध्ये असते. नावांवरून अगदी उलट समज होतो आणि तंत्रज्ञही एका प्रतीत जोडणी तयार करून दुसरीत तिचा शोध घेत बसतात.

आवृत्त्यांचा मेळ

ॲक्सेस २०१३ व त्यापुढील आवृत्त्या ॲक्सेस ९७ ची फाइल उघडत नाहीत. अशी फाइल ॲक्सेस २००७ किंवा २०१० मध्ये उघडून आधी नव्या प्रकारात बदलून घ्यावी लागते. म्हणूनच जुने संगणक भंगारात देण्यापूर्वी ही तपासणी होणे महत्त्वाचे ठरते. ॲक्सेस २००३ ला .एसीसीडीबी फाइल ओळखता येत नाही. या फाइल-प्रकारातून वापरकर्तानिहाय सुरक्षा व प्रतिरूपण या जुन्या सुविधाही वगळल्या गेल्या. ॲक्सेसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आलेला 'मोठी संख्या' हा विदाप्रकार कोणी एखाद्या तक्त्यात वापरला, तर ते संपूर्ण विदागार जुन्या आवृत्त्यांना उघडता येत नाही. संगणक टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या कार्यालयात नव्या संगणकावर केलेला असा लहानसा बदल उरलेल्या जुन्या संगणकांना बाहेर काढतो.

विदागार उघडते, पण बटणे दाबूनही काही घडत नाही, याचे सर्वसाधारण कारण विश्वासाचे असते. ॲक्सेस २००७ पासून अनोळखी ठिकाणच्या फाइलमधील आज्ञा रोखल्या जातात. नेटवर्कवरील फोल्डर विश्वासार्ह स्थानांत जोडण्यासाठी तशी स्वतंत्र मुभा द्यावी लागते आणि ही नोंद प्रत्येक नव्या संगणकावर, प्रत्येक वापरकर्त्यासाठी करावी लागते. आज्ञासंचाने जुन्या संगणकावरील एखाद्या घटकाचा संदर्भ घेतला असेल व तो घटक नव्यावर नसेल, तर मोठा चमत्कारिक परिणाम दिसतो. त्या घटकाशी काडीचाही संबंध नसलेली, तारीख देणारी किंवा शब्दाची डावी अक्षरे काढणारी साधी कार्येही चूक दाखवू लागतात. अशा वेळी दोष तारखेत न शोधता संदर्भांच्या यादीत 'हरवलेला' असे दर्शवलेला घटक पाहावा.

संदेश न देणाऱ्या चुका

वरील सर्व अडचणी काम थांबवतात म्हणून लक्षात तरी येतात. खरे नुकसान करणाऱ्या चुका काम चालू ठेवतात.

त्यांतील पहिली म्हणजे विदागाराच्या दोन प्रती होणे. .एमडीबी फाइलचे .एसीसीडीबीमध्ये रूपांतर करताना जुनी फाइल जागच्या जागी राहते आणि नवी वेगळी तयार होते. नवे संगणक नव्या फाइलशी जोडले जातात, परंतु जुन्यांपैकी एखादा जुन्याच फाइलशी जोडलेला राहतो. दोन्हीकडे नोंदी होत राहतात, कोणासही दोष-संदेश दिसत नाही आणि पावती-क्रमांक दोन ठिकाणी दोन व्यक्तींना दिले जातात. ही गोष्ट महिनाअखेरीस ताळमेळ लागेनासा झाल्यावर उघडकीस येते. तोवर दोन्ही फायलींत एकमेकींत नसलेल्या शेकडो नोंदी असू शकतात. त्या एकत्र करण्याचे कोणतेही आपोआप साधन नाही. कागदी पावत्या घेऊन एकेक नोंद लावावी लागते. रूपांतरानंतर जुन्या फाइलचे नाव त्याच क्षणी बदलणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे, कारण मग चुकीच्या ठिकाणी जोडलेला संगणक निदान ओरडतो तरी.

दोन प्रती होण्याचा आणखी एक मार्ग विंडोज व्हिस्टापासून निर्माण झाला. जुने हिशेबी कार्यक्रम आपले विदागार 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्येच ठेवत. व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्यास तेथे लिहिण्याची परवानगी नसते. जुन्या ३२ बिट आज्ञावली अडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरकडे वळवते. परिणामी एकाच संगणकावर पाळीपाळीने बसणाऱ्या दोन व्यक्तींना दोन वेगळी विदागारे दिसतात आणि काल केलेल्या नोंदी कोणीतरी पुसल्याचा संशय एकमेकांवर घेतला जातो. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांसारख्या समक्रमण-सेवांच्या फोल्डरमध्ये विदागार ठेवल्यासही हेच घडते. या सेवा प्रत्येक संगणकावर फाइलची स्वतंत्र प्रत ठेवतात, आणि एका प्रतीवर लागलेले कुलूप दुसरीस कळत नाही.

दुसरी मूक चूक तारखेची आहे. ॲक्सेसमध्ये तारीख ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांची संख्या म्हणून साठवली जाते. त्यामुळे साठवलेल्या तारखा संगणकबदलाने बिघडत नाहीत. मात्र नव्याने टंकलेल्या तारखेचा अर्थ त्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवरून लावला जातो. नवे संगणक पुष्कळदा अमेरिकी मांडणीसह येतात व तिच्यात महिना आधी असतो. भारतीय सवयीने ०१/०४/२०२४ असे लिहिले, तर १ एप्रिलऐवजी ४ जानेवारी ही तारीख नोंदवली जाते आणि नव्या आर्थिक वर्षाची पहिलीच पावती मागील वर्षात जाते. १३/०४/२०२४ लिहिल्यास मात्र तेरावा महिना नसल्याने ॲक्सेस स्वतःच अर्थ उलटवून १३ एप्रिल घेते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी चुकतात व नंतरच्या बरोबर येतात. म्हणून महिन्याच्या मध्यावर कोणी तपासणी केली तर सर्व ठीकच दिसते. प्रत्येक नव्या संगणकावर प्रादेशिक मांडणी भारताची करणे आणि फॉर्ममध्ये महिना अक्षरी दाखवणे यांमुळे हा धोका टळतो.

मराठी नोंदी

महाराष्ट्रातील कार्यालयांत या विषयाला आणखी एक पदर आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर पुण्यातील सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी यांसारख्या आज्ञावलींच्या टंकांत लिहिला जात असे. या टंकांत 'क' हे अक्षर प्रत्यक्षात एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक असतो. देवनागरी दिसते ती केवळ टंकामुळे. ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवण्याची सोय आली, तरी कार्यालयांनी जुने टंक सोडलेच असे नाही. नव्या संगणकावर तो टंक नसेल, तर सभासदांच्या नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. फाइल बिघडली असे समजून कोणी तिची 'दुरुस्ती' करू लागण्याआधी जुन्या संगणकावरील टंकाची फाइल नव्यावर बसवून पाहणे इष्ट.

टंक बसवल्याने नावे दिसू लागतात, पण प्रश्न मिटत नाही. नव्या संगणकांवर इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये साठतो. एकाच तक्त्यात मग जुने 'पाटील' एका संकेतांत आणि नवे 'पाटील' दुसऱ्यात, अशी स्थिती होते. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण शोध घेतल्यास निम्मेच सापडतात. ज्या सभासदाचे खाते आहे त्याचे नाव मिळत नाही म्हणून नवे खाते उघडले जाते. अकारविल्हे क्रमवारीही लागत नाही, कारण जुन्या टंकांतील क्रम अक्षरांच्या संकेतांकांनुसार लागतो, वर्णमालेनुसार नव्हे. ज्या दिवशी संगणक बदलायचे त्याच वेळी सर्व जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे व रफार नजरेखालून घालून मगच नव्या नोंदी सुरू कराव्यात. युनिकोडमध्ये केलेल्या जुन्या अहवालांत 'मंगल' हा टंक ठरवून दिलेला असेल, तर विंडोज १० मध्ये तो पूरक देवनागरी टंकांच्या ऐच्छिक संचात गेला आहे हेही लक्षात ठेवावे लागते.

निदानाचा क्रम

निदान करताना फाइलपासून नव्हे, तर वाटेपासून सुरुवात करणे श्रेयस्कर असते. प्रथम विदागाराची एक प्रत सर्व जण बाहेर असताना काढून बाजूला ठेवावी. दुरुस्तीचा कोणताही प्रयत्न त्यानंतरच करावा. मग अडलेल्या संगणकावरून सामायिक फोल्डर उघडतो का ते पाहावे. उघडत असल्यास त्यात एक साधी मजकूर-फाइल तयार करून, तिच्यात बदल करून ती पुसून पाहावी. ही अर्ध्या मिनिटाची कसोटी परवानग्यांचे चारही प्रश्न एकदम निकालात काढते आणि तिच्यासाठी ॲक्सेसचे ज्ञानही लागत नाही. ती उत्तीर्ण झाली तर दोष इंजिन, बिटसंख्या किंवा आज्ञासंच यांत आहे. मग मागच्या भागाची फाइल थेट ॲक्सेसमध्ये उघडून पाहावी; ती उघडली तर तक्ते सुस्थितीत आहेत व दुखणे पुढच्या भागात आहे. एखादा जुना संगणक अद्याप चालू स्थितीत असेल, तर तोच सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. नवे संगणक सर्व कामांत पारखले जाईपर्यंत, महिनाअखेरीच्या अहवालासह, तो पुसून टाकू नये.

३३४३ क्रमांकाचा, विदागाराचे स्वरूप ओळखता न आल्याचा संदेश दोन अगदी भिन्न परिस्थितींत येतो. नव्या प्रकारची फाइल जुन्या इंजिनाने उघडू पाहिल्यास तो येतो, आणि फाइल खरोखर बिघडली असल्यासही येतो. एकच संगणक तक्रार करत असेल तर पहिली शक्यता धरावी. सर्वच करत असतील तर दुसरी. संक्षेपन व दुरुस्ती ही ॲक्सेसमधील सोय दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे व ती चालवताना इतर कोणीही आत असता कामा नये.

काही वेळा दोष कार्यालयाचा नसतोच. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीनंतर नेटवर्कवरील ॲक्सेस विदागारे विसंगत स्थितीत असल्याचे संदेश अनेक ठिकाणी येऊ लागले. एसएमबीमधील, फाइलचा काही भाग वापरकर्त्याच्या संगणकात धरून ठेवण्याच्या सोयीशी त्याचा संबंध होता आणि फाइल ठेवणाऱ्या संगणकावर ती सोय बंद करणे हा उपाय मायक्रोसॉफ्टने सुचवला. नोव्हेंबर २०१९ मधील सुरक्षा-अद्यतनानंतर तक्त्यातील नोंदी बदलणाऱ्या साध्या क्वेरी 'बिघडलेल्या' ठरू लागल्या. डिसेंबर २०२१ मधील अद्यतनाने तर सामायिक विदागार एका वेळी एकापेक्षा अधिक जणांना उघडता येईनासे झाले. या दोन्ही वेळी मायक्रोसॉफ्टने पुढे सुधारित अद्यतने दिली. नवे संगणक प्रथम सुरू होताच साठलेली सर्व अद्यतने एकदम उतरवून घेतात, त्यामुळे संगणकबदल व अद्यतन यांपैकी नेमके काय नडले हे वेगळे करणे कठीण जाते. संगणक बसवल्याची व अद्यतन झाल्याची तारीख नोंदवून ठेवलेली असल्यास हा गुंता बराच सुटतो.

पर्यायी रचना

वापरकर्ते वाढल्यास, काहींना वाय-फायवरून अथवा घरून काम करायचे असल्यास तक्ते एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेससारख्या विनामूल्य सर्व्हर-प्रणालीत हलवून ॲक्सेसचे फॉर्म व अहवाल पूर्ववत वापरता येतात. या स्थलांतरासाठी मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य साधनही उपलब्ध आहे. मग जोडणी तुटली तरी अर्धवट व्यवहार सर्व्हर स्वतः रद्द करतो आणि फाइल बिघडत नाही. परंतु केवळ तक्ते हलवल्याने वेग वाढतोच असे नाही. संपूर्ण तक्ता मागवून मग त्यातील एक नोंद दाखवणारे जुने फॉर्म सर्व्हरवर गेल्यावर अधिकच संथ वाटू शकतात व ते नव्याने आखावे लागतात. दुरून काम करणाऱ्या एक-दोन व्यक्तींसाठी त्यांना कार्यालयातीलच एखादा संगणक दूरस्थपणे वापरू देणे पुष्कळदा सोपे पडते, कारण त्या वेळी नेटवर्कच्या लांब वाटेवरून विदागाराची पाने जात नाहीत, फक्त पडद्यावरचे चित्र जाते. ज्यांना विदागाराची रचना बदलायची नसून केवळ वापर करायचा आहे, त्यांच्या नव्या संगणकांवर पूर्ण ॲक्सेसऐवजी त्याची विनामूल्य 'रनटाइम' आवृत्ती बसवली तरी चालते. मात्र तीही कार्यालयातील ऑफिसच्या बिटसंख्येशी जुळणारी निवडावी लागते.